व्यायामाचा सदरा आणि माझी लेक

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी थोरली लेक सलग चार दिवस व्यायामशाळेत गेली नाही. पहाटे साडेपाचला गजर व्हायचा, ती तो बंद करायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पोलीस भरतीची तयारी करणारी ही मुलगी. मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावणे, शिवाय गोळाफेक अशी 50 गुणांची मैदानी परीक्षा असते. तिच्यासाठी ती वर्षभर घाम गाळत होती. मग अचानक काय झाले?

विचारले तर म्हणाली, "पाय दुखतोय." आईला लेकराचा दुखरा पाय आणि दुखरे मन यांतला फरक कळतो. पण मी गप्प राहिले. शेवटी धाकट्यानेच सांगून टाकले, "आई, ताईचा पाय नाही दुखत. पप्पांचा सदरा घालून जाते ना ती, तो वर जातो. एक पोरगा हसला तिला."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. तिच्या पप्पांचा जुना टी-शर्ट घालून ती जात असे. रॉड डोक्यावर उचलला की सदरा पोटावर चढायचा आणि गोळा उचलायला वाकले की गळा खाली लोंबायचा. लेकीने गळ्याला आतून पिन लावली होती आणि सदऱ्याचा घेर पायजम्याच्या नाडीत खोचून घेतला होता. हसणाऱ्या पोराला तिथल्या दादाने चांगला दम भरला, हे खरे. पण व्यायाम करताना जिचे निम्मे लक्ष पिनेकडे आणि निम्मे नाडीकडे, ती वजन काय उचलणार?

वाचक भगिनींनो, मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण सदरे हेच माझे आयुष्य आहे. साकीनाक्याच्या एका होजिअरी कारखान्यात मी एकोणीस वर्षे काम केले. आधी ओव्हरलॉक मशीनवर, मग नजर आणि हात तयार झाल्यावर चेकर म्हणून. परदेशातल्या बायका ज्या सदऱ्यांत धावणार, असे हजारो पीस माझ्या हातून गेले. काखेची शिवण ओढून बघितली, गळा तपासला, घेर मोजला. एक टाका सुटलेला दिसला तरी मी पीस बाजूला टाकत असे. आणि माझ्या घरची लेक पिन लावून व्यायाम करत होती! तिला नीट सदरा लागेल, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. वह्या-पुस्तके, बूट, परीक्षेची फी हे सगळे हिशेबात होते. सदरा मात्र घरात पडलेला कुठलाही चालेल, असे मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी पगार हातात होता. स्टेशनबाहेरच्या गाडीवरून मी दीडशे रुपयांचा एक चकचकीत टी-शर्ट आणला. छातीवर मोठ्या कंपनीची खूण, कापड साबणासारखे गुळगुळीत, अंगाला घट्ट. खूण नकली आहे हे मला दिसत होते. पण लेक खूष झाली आणि मीही स्वतःला फसवले. चेकरची नजर कारखान्यात ठेवून आले होते म्हणा ना.

महिनाभरातच त्या सदऱ्याला वास यायला लागला. धुतला तरी जाईना. अंगात घातला आणि जरा घाम आला की पुन्हा तोच कुबट वास. मग काखेत आणि कमरेवर लाल चट्टे उठले. आम्ही घामोळ्या समजलो. गल्लीतल्या एका औषधाच्या दुकानातून मलमाची नळी आणली. दुकानदाराने न विचारता दिली, आम्ही न विचारता घेतली. तीन दिवसांत खाज थांबली. मग दुप्पट जोराने आली. चट्ट्यांचे गोल वाढत गेले. शेवटी सप्टेंबरात पालिकेच्या रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले.

त्यांनी बघताक्षणी सांगितले, "हे गजकर्ण आहे. आणि ही नळी आधी फेकून द्या." त्या मलमात स्टिरॉइड मिसळलेले होते. अशा मलमाने लाली आणि खाज दबते, म्हणून माणसाला बरे वाटते. पण बुरशी मरत नाही, उलट तिला मोकळे रान मिळते. आपल्या देशात गजकर्ण लवकर बरे होत नाही, त्यामागे या मलमांचा मोठा वाटा आहे, असे त्या म्हणाल्या. औषध दीड महिना चालले. चट्टे दिसेनासे झाले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, टॉवेल एकमेकांचा वापरायचा नाही, अंगाला लागलेले कपडे गरम पाण्यात धुऊन कडकडीत वाळवायचे, ओला सदरा अंगावर ठेवून घरभर फिरायचे नाही. हे सगळे त्यांनी दोनदा बजावले. दीडशेच्या सदऱ्याने लेकीचे अडीच महिने खाल्ले. औषधांचा खर्च वेगळाच.

त्यानंतर मात्र मी चेकर म्हणून विचार करायला बसले. तो विचार इथे लिहिते. कोणाच्या लेकीला, कोणाच्या मुलाला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट कापडाची. सुती धागा पाणी पितो. साध्या हवेतसुद्धा शंभर ग्रॅम सुक्या सुतात आठेक ग्रॅम ओलावा मुरतो. पॉलिस्टरमध्ये तो अर्धा ग्रॅमही नसतो. म्हणून सुती सदरा घाम टिपून घेतो, अंगाला मऊ लागतो. पण त्याचा दोषही तोच. एकदा भिजला की जड होतो, अंगाला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. पॉलिस्टर हलके, मजबूत आणि झटपट वाळणारे. पण वास धरून ठेवते. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी याची परीक्षाच घेतली होती. 26 जणांना जागच्या जागी सायकल चालवायला लावली, त्यांचे घामेजलेले सदरे ठेवून दिले आणि दुसऱ्या दिवशी वास तपासला. सुती सदऱ्यांपेक्षा पॉलिस्टरच्या सदऱ्यांचा वास जास्त वाईट होता. वास निर्माण करणारे काही जंतू पॉलिस्टरवर चांगले वाढतात, असे त्यांना आढळले. हे संशोधन 2014 साली प्रसिद्ध झाले. तेव्हा धुऊनही वास जात नाही, यात लेकीचा आळस नव्हता, कापडाचा गुण होता.

मग घ्यायचे काय? ज्याला व्यायामशाळेत तासभर वजने उचलायची आहेत आणि ज्याच्या घरी कपडे वाळायला ऊन-वारा आहे, त्याला शुद्ध सुती सदरा उत्तम. पण आमचे घर दहा बाय बाराचे, दोरी दाराबाहेर. मुंबईच्या पावसाळ्यात सुती कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो. शिवाय लेकीला धावायचेही असते. म्हणून मी मिश्र कापड निवडले, साठ टक्के सूत आणि चाळीस टक्के पॉलिस्टर. आतल्या पट्टीवर हे प्रमाण छापलेले असते. छापलेले नसेल तर तो सदरा मी हातात घेत नाही.

काही कापडांत ताणासाठी पाच टक्के लायक्रा घालतात. ते अंगाबरोबर छान वाकते. पण गरम पाणी आणि ब्लीच यांनी लायक्रा लवकर मरते, मग सदरा सैल पडतो. आमच्या घरी तर गजकर्णानंतर गरम पाणी सुटणार नव्हते. म्हणून मी बिनलायक्राचे घेतले. होजिअरीचे कापड मुळात फासे गुंफून विणलेले असते. मागावरच्या कापडासारखे ते सरळ उभ्या-आडव्या धाग्यांचे नसते. ते फासेच ताणले जातात आणि पुन्हा जागेवर येतात. चांगल्या विणीला लायक्राची गरज फार पडत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. कारखान्यात आम्ही कापडाची गोल चकती कापून काट्यावर ठेवत असू आणि एका चौरस मीटरला किती ग्रॅम भरेल ते काढत असू. तिरुपूरहून, लुधियानाहून आलेला प्रत्येक तागा असा तोलला जाई. 120 ग्रॅमचे कापड हवेशीर खरे, पण रॉडच्या खरखरीत दांड्याने त्याला खांद्यावर आणि छातीवर लवकर भोके पडतात. 200 च्या वरचे आपल्या हवेत उकडते. व्यायामाला 160 ते 180 बरे. दुकानात काटा नसतो, म्हणून उजेडासमोर धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर समजा पातळ आहे. मग दोन्ही हातांनी आडवे ताणा आणि सोडा. लगेच सरळ झाले तर वीण घट्ट आहे. ताणलेला फुगवटा तसाच राहिला, तर महिन्याभरात कोपर आणि गळा लोंबणार.

तिसरी गोष्ट शिवणीची. इथे बहुतेक लोक बघतच नाहीत. सदरा उलटा करा. भगिनींनो, सदऱ्याची खरी किंमत उलट्या बाजूला लिहिलेली असते. काखेत चार धाग्यांची ओव्हरलॉक असावी. एका इंचात दहा-बारा टाके असावेत. शिवण दोन्ही अंगठ्यांनी ओढा. टाक्यांमधून उजेड दिसला किंवा धागा कडकन वाजला, तर ठेवून द्या. खांद्याच्या शिवणीवर आतून पट्टी हवी, नाहीतर खांदा ओघळतो. घेर आणि बाह्या यांवर दुहेरी सुईची शिलाई हवी. काही सदऱ्यांना फ्लॅटलॉक असते. त्यात शिवणीचा उंचवटा राहत नाही, म्हणून काख सोलत नाही. ते महाग पडते. पण ज्याची त्वचा नाजूक आहे, त्याने तिथे पैसे वाचवू नयेत.

बाजूच्या शिवणी सरळ खाली येतात का तेही बघा. कापड तिरके कापले असेल किंवा विणीतच पीळ असेल, तर दोन धुण्यांनंतर बाजूची शिवण पोटावर फिरून येते. आणि छातीवर रबराची मोठी छपाई नको. त्यातून हवा जात नाही, ती तडकते आणि बेंचवर पालथे झोपून व्यायाम करताना चिकटते. माझी लेक म्हणते, "आई, वाघाचं तोंड छापलं म्हणून वजन हलकं होत नाही."

चौथी गोष्ट मापाची. घट्ट सदरा म्हणजे व्यायामाचा सदरा, ही समजूत चित्रांतून आली आहे. सदरा अंगाला टेकावा, आवळू नये. काखेत दोन बोटे फिरतील एवढी जागा हवी. फार ढगळाही नको, तो रॉडमध्ये नाहीतर यंत्रात अडकतो. सुती सदरा धुतल्यावर आटतो, तेही धरून चाला. कारखान्यात आम्ही कापडावर 50 सेंटीमीटरची खूण करून धुवायला टाकायचो. 47.5 भरले तर पाच टक्के आटले. लांबीत पाच टक्के म्हणजे सत्तर सेंटीमीटरच्या सदऱ्याचे साडेतीन सेंटीमीटर गेले. दुकानात बरोबर बसलेला सदरा मग पोटावर चढतो, तो असा.

म्हणून दुकानात घालून बघायची लाज बाळगू नका. ऑक्टोबरात मी लेकीला दादरला घेऊन गेले. दुकानदाराला म्हटले, "भाऊ, ही इथं कवायत करणार आहे, तुम्ही रागावू नका." तो हसला. लेकीने दोन्ही हात सरळ वर नेले, घेर कुठपर्यंत येतो ते मी बघितले. मग वाकली, गळ्यातून आत दिसते का ते बघितले. मग पूर्ण बैठक मारली, पाठ उघडी पडते का ते बघितले. मग गोळा फेकल्यासारखा हात फिरवला, काख ओढते का ते बघितले. सहा सदऱ्यांत चार नापास झाले. उरलेले दोन तीनशे ऐंशीप्रमाणे घेतले. दोन घेण्याचे कारण असे की एक वाळत असताना दुसरा हाताशी हवा. ओला सदरा पुन्हा अंगात घालायची वेळ येऊ नये.

मुलींच्या आयांना आणखी एक सांगते. आतून आधार देणारा व्यायामाचा वेगळा कपडा मिळतो, तोही घ्यावा. धावताना छातीला बसणारा हिसका वरचा सदरा अडवू शकत नाही. दुखते म्हणून मुली धावायचे टाळतात आणि दुखते हे बोलत नाहीत. आपणच विचारले पाहिजे. मी विचारले नव्हते.

घरी आणल्यावर त्या सदऱ्यांवर थोडे काम मी स्वतः केले. एकाची काख जरा ओढत होती. शिवण उसवून तिथे त्याच रंगाचा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा बसवला. आता हात वर गेला तरी घेर जागचा हलत नाही. ज्याला शिलाई येते, त्याने हे जरूर करावे. दुकानातल्या कपड्याला आपले अंग बसवायचे नसते, आपल्या अंगाला कपडा बसवायचा असतो.

हे काम करत असताना माझी आई शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "आमच्या वक्ताला अंगाला बसतंय का, हे कोण बघत व्हतं? दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं ते आमचं." तिच्या आजीला गावात उतरलेली लुगडी मिळत. ती लुगडी कशी नेसायची, हेही गाव ठरवी. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने टाकून द्यावेत, स्वच्छ कसे राहावे, हे समजावून सांगितले. एवढ्या मोठ्या लढ्यात त्यांना लुगड्यावर बोलणे महत्त्वाचे वाटले. शाळेत ही गोष्ट मी ऐकली होती. तिचा अर्थ मला काखेत तुकडा बसवताना नीट कळला. अंगावरचा कपडा माणसाला ताठ उभे करतो, नाहीतर आक्रसून टाकतो. माझी लेक उतरलेल्या सदऱ्यात आक्रसत होती. तो तिच्या बापाचा होता, प्रेमाचा होता. पण तिच्यासाठी शिवलेला नव्हता.

आता निगा. व्यायामाहून आल्यावर सदरा पिशवीत कोंबून ठेवू नये, निदान खिडकीला तरी टांगावा. उलटा करून धुवावा, कारण घाम आणि मळ आतल्या बाजूला असतो. साबण थोडा, पाणी भरपूर. सुगंधी मऊ करणारे द्रव घालू नये, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड घाम टिपेनासे होते. पिळताना गळा धरून पिळू नये. वाळत घालतानाही उलटाच घालावा, म्हणजे रंग उडत नाही. घरात कोणाला गजकर्ण असेल तर त्याचे कपडे वेगळे धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात इस्त्री फिरवावी.

हिशेबही सांगते, कारण आपल्या घरांत हिशेबावाचून काही होत नाही. दीडशेचा सदरा अडीच महिन्यांत फेकला. महिन्याला साठ रुपये पडले, वर औषधे. तीनशे ऐंशीचा एक सदरा आज दहा महिने झाले चालू आहे. महिन्याला अडतीस रुपये झाले आणि त्याचा घेर अजून सरळ आहे. स्वस्त काय आणि महाग काय, हे पट्टीवरच्या किमतीवरून ठरत नाही.

लेक पुन्हा व्यायामशाळेत जाऊ लागली. पिन सुटली, नाडीत खोचणे संपले. हसणारा तो पोरगा आता तिला रॉडवर वजन चढवायला मदत करतो म्हणे. या वर्षी मैदानी परीक्षेत ती 800 मीटर चांगल्या वेळेत धावली. गोळाफेकीत गुण कमी पडले आणि यादीत नाव आले नाही. त्या दिवशी ती काही जेवली नाही. मीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गजर झाला. मी जागीच होते. ती उठली, दोरीवरचा सदरा काढला, वाळला आहे का ते गालाला लावून बघितले आणि अंगात घातला. दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "आई, गोळ्यासाठी खांदा मजबूत करायला पाहिजे. दुसऱ्या सदऱ्याच्या काखेतही तो तुकडा बसवून ठेवशील?"

तिने जिना उतरायच्या आत मी मशीनचे झाकण काढले होते.

भगिनींनो, तुमच्या घरातही कोणी पहाटे उठून घाम गाळत असेल. आज त्याचा किंवा तिचा सदरा एकदा उलटा करून बघा. काखेची शिवण ओढा, गळा बघा, घेर मोजा. आणि मुलगी असेल तर तिला जवळ बसवून विचारा, "बाई, काही अडतंय का?" पाय दुखतो म्हणाली, तर दुसऱ्यांदा विचारा.